डेमोच्या मॅडम

बदलापूर पूर्वेला शेअर रिक्षाने कचकन ब्रेक मारला आणि मांडीवरच्या कॅरम बोर्डासकट सुषमा पुढे गेली. शरीराचा खालचा भाग वाहनाबरोबर थांबतो, वरचा भाग जडत्वामुळे पुढे जात राहतो, म्हणून प्रवासी पुढे झुकतो. शास्त्रीय कारण द्या, दोन मार्क. हे तिच्या डोक्यात आपोआप उमटलं, आणि उमटेपर्यंत बोर्डाचा कोपरा रिक्षावाल्याच्या पाठीत बसलाही होता. रिक्षावाला सज्जन होता. त्याने फक्त मान वळवून सांगितलं की मॅडम, या चौथ्या पॅसेंजरला पुढच्या वेळी घरी ठेवून या. ब्रेक मारायचं कारण मात्र समोर लोंबत होतं. रस्त्यावर आडवा फ्लेक्स टांगायचं काम चाललं होतं, खांबावरच्या पोराच्या हातून एक दोरी सुटली होती आणि फ्लेक्सची खालची कड थेट रिक्षाच्या काचेवर येऊन टेकली होती. काचेतून आधी एक प्रचंड मिशी दिसली, मग दात, मग वर जाता जाता गॉगल. पोराने दोरी ओढली तसा तो चेहरा हळूहळू आभाळात चढला आणि त्याच्या खालची अक्षरं वाचता आली. परमवेग अकॅडमी, नवी शाखा. फिजिक्स आता बदलापुरात. प्रेम सर, कोटा रिटर्न. आणि अगदी तळाला, जिथे छापणाऱ्याचा मोबाइल नंबर असतो त्याच्या शेजारी: मोफत डेमो, आज, सुषमा मॅडम.

रिक्षावाल्याने ते मोठ्याने वाचलं आणि कोटा रिटर्न म्हणजे तिकडून परत पाठवलेला का, असं विचारलं. मांडीवरच्या बोर्डाला तिने जीनच्या कापडाची खोळ शिवून घेतली होती, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या शिलाईवाल्याकडून, उरलेल्या पॅन्ट्सच्या पायांतून. त्या खोळीला एका बाजूला एक खिसा तसाच राहिला होता आणि त्यात ती स्ट्रायकर आणि पावडरचा डबा ठेवायची. तिचा हात त्या खिशात गेला आणि डब्याभोवती घट्ट आवळला गेला. पूर्ण बॅच तुमची, असं महिपती सर होळीच्या आसपास म्हणाले होते. बदलापूरला नवीन शाखा उघडतोय मॅडम, तिथलं फिजिक्स पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत तुमचं. तेव्हा तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहायला हवं होतं. तिने त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं, कारण तिथे गेल्या वर्षीचे टॉपर टांगलेले होते आणि त्यातल्या प्रत्येकाला तिने एक दिवस शिकवलं होतं.

एकच दिवस. परमवेग अकॅडमीची पद्धत अशी होती की दहावीचे पेपर संपले की शाखाशाखांतून मोफत डेमो लेक्चर व्हायचं, मागे पालक, पुढे मुलं, आणि विषय ठरलेला: बल आणि गती. ते लेक्चर सुषमा द्यायची. लेक्चर संपलं की पालकांचे डोळे चमकत असतानाच दाराशी काउंटरवर बकुळा पेन उघडून बसलेली असायची. अॅडमिशन व्हायच्या. आणि बॅच सुरू झाली की वर्गात दुसराच कुणीतरी सर उभा असायचा, जो फळ्याकडे तोंड करून फॉर्म्युले लिहायचा. लग्नात मुलगा दाखवायचा एक आणि बोहल्यावर उभा करायचा दुसरा, असा हा व्यवहार; फक्त इथे मुलीकडच्यांची तक्रार कधी आली नाही. सुषमा वर्षभर पेपर तपासायची, आठवी-नववीच्या पोरांच्या शंका निरसायची, आणि पुन्हा उन्हाळा आला की कॅरम घेऊन निघायची. भौतिकशास्त्र न्यूटनच्या तिसऱ्या नियमापुढेही जातं हे तिला एम.एस्सी. झाल्यामुळे माहीत होतं, पण स्वतः ती वर्गात कधी त्याच्या पुढे गेली नव्हती. या उन्हाळ्यात ती पुढची तयारी करत होती. स्वयंपाकघरात कुकर लावून ओट्यासमोर उभी राहून तिने गुरुत्वाकर्षण शिकवून पाहिलं, दोलन शिकवून पाहिलं. विद्यार्थी म्हणून नवऱ्याला बसवलं होतं. तुषार अंबरनाथच्या केमिकल कंपनीत होता, दुसऱ्या शिफ्टचा, आणि गुणी विद्यार्थ्यासारखा मान हलवत ऐकायचा. उपग्रह कक्षेत जायच्या आधी झोपायचा. तिने त्याला उठवलं नाही. झोपलेल्या माणसासमोर तिने उपग्रह पृथ्वीभोवती फिरवला, पहिल्यांदाच, आणि कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कांद्याचं नव्हतं, पण तुषारने विचारलं असतं तर तिने कांद्याचंच सांगितलं असतं.

मुलं मागे काय विचारतात हे तिला बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते कळलं उल्हासनगरला, मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात. काउंटरमागचा तरुण तिच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, आप डेमोवाली मॅडम ना, कॅरमवाली. सिंधी मुलगा होता, मराठी छान बोलत होता. म्हणाला, मॅडम, तो स्ट्रायकर अजून आठवतो, नंतरच्या दोन वर्षांतलं एक अक्षर आठवत नाही. मग जरा अवघडून त्याने विचारलं, बाळ कसं आहे. कुठलं बाळ, तिने विचारलं. तेव्हा उलगडलं की बॅच सुरू झाल्यावर मुलांनी चौकशी केली होती आणि ऑफिसातून सांगण्यात आलं होतं, मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तिने नंतर बकुळाला खोदून विचारलं. दर वर्षी तेच सांगतो मॅडम, बकुळा म्हणाली, सरांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे महिपती सरांच्या हिशेबाने सुषमाला जितक्या बॅचेस तितकी मुलं झाली होती, तीही सगळी जून महिन्यात. प्रत्यक्षात तिला एकही नव्हतं, आणि ते का नव्हतं यासाठी तिने आणि तुषारने कल्याणपर्यंत किती दवाखाने पालथे घातले होते हे अकॅडमीत कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. हल्ली तिचं वय पाहता मजकूर बदलला होता. हल्ली तिची सासू सिरीयस असायची. सासू वारून वर्षं झाली होती, पण अकॅडमीच्या रेकॉर्डवर ती अजून झुंज देत होती.

रिक्षातून उतरून बोर्ड कडेवर घेऊन ती नव्या शाखेचा जिना चढली. नव्या रंगाचा वास, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून न काढलेलं. उल्हासनगरची शाखा एका जीनच्या कारखान्याच्या वर होती, तिथे शिकवताना खालच्या मशिनींनी फरशी सतत थरथरायची आणि कॅरमवरच्या सोंगट्या कुणी न मारता हळूहळू चालायला लागायच्या. स्थिर वस्तू स्थिरच राहते हे तिथे सांगताना पंचाईत व्हायची. इथे सगळं शांत होतं. महिपती सर केबिनमध्ये पालकांसाठी आणलेल्या सामोशांचे बॉक्स उघडून नीट आहेत का पाहत होते. मुळात ते अकाउंट्सचे. क्लास काढला तेव्हा विज्ञानाला मागणी आहे असं लक्षात आल्यावर त्यांनी विज्ञानावर श्रद्धा ठेवली. सुषमा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही बॅच माझी ठरली होती."

"ठरलेलीच आहे की," ते सामोसा न सोडता म्हणाले. "फक्त पुढच्या वर्षापासून. या मॅडम, बसा. हे बघा, मी कधी भेदभाव केलाय का? पण पालकांना फिजिक्सला पुरुष माणूस लागतो. मी नाही म्हणत, मार्केट म्हणतं. बायोलॉजी असती तर मी आत्ता तुमचा फोटो लावला असता."

"आणि डेमोला बाई चालते?"

"डेमोला तुम्हीच लागता. तुमच्यासारखं मुळापासून कोण समजावतं? ते नंतरच्यांना जमत नाही, आणि नंतर त्याची तेवढी गरजही नसते."

यात खोटं काहीच नव्हतं, हाच त्रास होता. महिपती सर कधी खोटं बोलत नसत, फक्त खऱ्याला जागा कमी देत. पहिल्या वर्षी फ्लेक्सवर बाकी सगळ्यांची आडनावं आली, देशपांडे सर, पाटील सर, आणि हिचं नुसतं सुषमा मॅडम. तेव्हा तिने विचारलं होतं. जागा नव्हती मॅडम, ते म्हणाले होते. फ्लेक्स इमारतीच्या रुंदीचा होता. कांबळे ही तीन अक्षरं त्यात बसत नव्हती. ती घरी येऊन वडिलांना म्हणाली होती तेव्हा शंकरराव खाटेवर उठून बसले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून म्हणाले, पगार तर पूर्ण नावावर देतात ना. तेव्हा तिला वडिलांचा राग आला होता. आता त्यांचं बरोबर वाटायचं, आणि त्याचा जास्त राग यायचा.

तेवढ्यात फ्लेक्सवरची मिशी केबिनमध्ये आली. प्रत्यक्षात ती बरीच लहान होती आणि तिच्यामागचा माणूस जेमतेम पंचविशीतला. गळ्यात कॉलर माइक अडकवलेला, हातात पाण्याची बाटली. तो सरळ येऊन सुषमाच्या पाया पडला. मॅम, आपका बहुत नाम सुना है, मैं पीछे बैठूंगा, सीखना है. पाया पडणाऱ्या माणसाचा नीट राग करता येत नाही, ही पाया पडण्यातली मोठी सोय आहे. तो कोट्याला स्वतः परीक्षेत तीनदा नापास होऊन मग तिथेच शिकवायला लागला होता, हे त्याने आपणहून सांगितलं. चेहऱ्यावर झोप न झालेल्या माणसाचा राखाडी रंग होता. याला मी खाऊ शकत नाही, सुषमाच्या मनात आलं, आणि हा मला खातोय हे याला माहीतही नाही.

कॅरम टेबलावर ठेवून तिने खोळ काढली तेव्हा समोर हॉल भरलेला होता. पुढे दहावी झालेली मुलं, मागे पालक, दाराजवळच्या रांगेत मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला एक माणूस. बोर्डाच्या लाकडाचा वास आला. या वासाबरोबर तिला नेहमी अंबरनाथमधला माहेरचा बुवापाडा आठवायचा, विहाराला लागून असलेली ती खोली, बोर्डावर खाली उतरवलेला दिवा, पत्र्याची टोपी घातलेला, आणि त्याच्या उजेडाबाहेर बसलेले आगपेटीच्या कंपनीतले लोक. कंपनी बंद पडल्यावर ते सगळे दिवसभर तिथेच असत. शंकरराव खेळायला बेताचेच, पण पावडर टाकायचा मान त्यांचा होता; बाळाच्या पावडरच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, त्यातून ते अक्षता टाकल्यासारखी पावडर टाकत आणि तळव्याने पसरत. पावडरने स्ट्रायकरला जोर येतो, असं ते म्हणायचे. आठवी-नववीतल्या सुषमाने एकदा विचारलं होतं, पप्पा, पावडर तर बोर्डावर पडली, स्ट्रायकरला जोर कुठनं आला. त्यावर वडिलांचे भिडू सोमाकाका म्हणाले, पोरी, तोंडाला पावडर लावल्यावर तेज कुठनं येतं, तसंच. सगळे हसले. शंकररावही हसले. ती काळी होती आणि त्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमासाठी आईने तिला पावडर लावली होती, मानेपर्यंत. ते हसणं तिला अजून मानेवर जाणवतं, घामात कालवलेल्या पावडरसारखं.

पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोक जेवायला गेले असताना, ती त्या खोलीत शिरली होती. पत्रे तापून कडकडत होते. तिने फडक्याने बोर्ड अगदी कोरडा केला आणि स्ट्रायकर मारला. तो अर्ध्यातच बसकण मारून थांबला. मग थोडी पावडर. तेवढंच बोट, तेवढीच टिचकी, आणि तो पलीकडच्या कडेला जाऊन लागला. आणखी पावडर, जाऊन, आपटून, परत तिच्यापर्यंत आला, मांजरासारखा. आणि तेव्हा तिला अचानक कळलं. शब्द नंतर आले. पावडर काही देत नव्हती. कुणीच काही देत नव्हतं. बोर्ड फक्त कमी काढून घेत होता. काहीच काढून घेतलं नाही तर स्ट्रायकर थांबणार नाही, कधीच, भिंतीतून, बुवापाड्यातून, कुणी न ढकलता जातच राहील. चालायला जोर लागत नाही, थांबवायला लागतो. तिच्या आयुष्यातला तो एकमेव विचार होता जो कुणी तिला सांगितला नव्हता. पुढे पुस्तकात तोच नियम म्हणून छापलेला सापडला तेव्हा तिला आनंद झाला आणि थोडी चोरी झाल्यासारखंही वाटलं.

डेमोत ती हेच करायची. कोरडा बोर्ड, थोडी पावडर, जास्त पावडर, आणि मग प्रश्न: आता कल्पना करा, पावडर संपतच नाही आणि बोर्डही संपत नाही. त्या क्षणी मुलांच्या कपाळावर एक आठी यायची. जन्मापासून डोळ्यांनी जे पाहिलं ते खोटं आहे असं कळताना येते ती आठी. तिच्यासाठीच ती वर्षानुवर्षं कॅरम वागवत होती, आणि ती आठी पडली की मुलं दुसऱ्याच्या स्वाधीन करायची, उकललेली न उकललेली तशीच. मग महिपती सर माइक घेऊन म्हणायचे, मित्रांनो, न्यूटन आपल्याला आयुष्यातही हेच सांगतो, थांबला तो संपला. भौतिकशास्त्रातून आयुष्याचे धडे काढणाऱ्या माणसांना कोरड्या बोर्डावर घासावं असं तिला वाटायचं.

आज तिने स्ट्रायकर मारला. तो अर्ध्यात थांबला. का थांबला, तिने विचारलं. नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेतला मुलगा म्हणाला, उसका फोर्स खतम हो गया. या उत्तरावर ती नेहमी हसायची आणि म्हणायची, छान, आता हे उत्तर कसं चुकीचं आहे ते बघू. आज तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शंकरराव बाहेर पडले.

"बरोबर," ती म्हणाली. "माझ्या हातातला जोर स्ट्रायकरमध्ये गेला. तो जोर वापरून स्ट्रायकर चालला. जोर संपला, थांबला."

तिने ठरवून केलं होतं का, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. दगड दरीत टाकावा आणि आवाज यायची वाट पाहावी तशी ती थांबली. कुणीतरी उठेल, म्हणेल, मॅडम, हे चूक आहे, गोंधळ होईल, डेमो बुडेल, उद्या ही शाखा रिकामी राहील आणि प्रेम सर फ्लेक्सवर एकटे हसत बसतील. आवाज आला नाही. उलट समोरच्या चेहऱ्यांवर एक सुख पसरत गेलं, ऊन उतरताना पसरतं तसं. एकाही कपाळावर आठी नव्हती. तिने पावडर टाकली आणि म्हणाली, पावडरने जोर वाढतो. माना डोलल्या. मागून एक गृहस्थ म्हणाले, करेक्ट, सायकलला तेल घातल्यावर तसंच होतं. ती अजून पुढे गेली. जड वस्तूत जास्त जोर मावतो, हलक्या वस्तूत कमी. वर फेकलेल्या दगडातला जोर संपला की तो परत येतो. दोन हजार वर्षांपूर्वी लोक जे समजत होते ते सगळं तिने एकेक करून हॉलमध्ये आणून ठेवलं आणि बदलापूरने त्याचं माहेरवाशिणीसारखं स्वागत केलं. प्रेम सर मागच्या भिंतीशी मोबाइलवर काहीतरी लिहून घेत होते. सामोशांचा वास यायला लागला होता.

तेव्हा मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, शाळेचाच शर्ट. नाव विचारलं तर पायल म्हणाली, आणि गाव विचारलं नव्हतं तरी चामटोली म्हणाली. दाराजवळचा हेल्मेटवाला माणूस एकदम ताठ बसला, त्यावरून तो तिचा बाप असावा हे कळलं. तिच्या कपाळावर आठी होती.

"मॅडम, पावडर तर बोर्डावर पडली ना. मग स्ट्रायकरला जोर कुठनं आला?"

हॉल जागच्या जागी राहिला आणि सुषमा मागे गेली, कुणीतरी ब्रेकऐवजी एकदम क्लच सोडावा तशी, पत्र्याच्या खोलीपर्यंत. इतक्या वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. तिने आठी पाडावी लागायची. ही आठी घेऊनच आली होती, आणि तीही चुकीच्या उत्तराच्या विरुद्ध, भरलेल्या हॉलच्या विरुद्ध. आता एवढंच म्हणायचं होतं की शाब्बास पोरी, मी याचीच वाट पाहत होते, सापळा होता तो, सगळ्यात तूच सुटलीस. हॉलने टाळ्या वाजवल्या असत्या. इतका देखणा डेमो तिने आजवर दिला नसता. शब्द जिभेवर आलेही. आणि त्याच वेळी तिला मागे प्रेम सर दिसले, मोबाइलवरून मान वर करून कौतुकाने पाहणारे, आणि केबिनच्या दारात महिपती सर, मुलीकडे पाहून मनात तिला पुढच्या फ्लेक्सवर बसवणारे. हिलाही यांच्याच पदरात घालायची. हिलाही उघडून, पुसून, तयार करून, आणि उद्या ही विचारणार मॅडम कुठे गेल्या, आणि बकुळा सांगणार सासू सिरीयस आहे.

"बाळा," सुषमा म्हणाली, "तोंडाला पावडर लावल्यावर तेज कुठनं येतं? तसंच."

हॉल हसला. चांगला, मोकळा, सामोशाच्या आधीचा हशा. पायल हसली नाही. तिने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा सुषमाकडे, म्हणजे सुषमाच्या चेहऱ्याकडे, नीट, फळ्यावरचं वाचावं तसं, आणि खाली बसली. सुषमाचा हात आपल्या मानेकडे गेला. आपण काय बोललो ते सुषमाला तोवर ऐकू आलं नव्हतं. मग आलं, सोमाकाकाच्या आवाजात.

त्यानंतर जे झालं त्याला महिपती सर विक्रम म्हणाले. काउंटरवर रांग जिन्यापर्यंत गेली. पालक म्हणत होते, पहिल्यांदा विज्ञान कळलं. एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर आम्हीही सायन्सला गेलो असतो. आणि सगळ्यांनी एकच अट घातली, याच मॅडम पाहिजेत, वर्षभर. महिपती सर तिला केबिनमध्ये घेऊन गेले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. म्हणाले, मॅडम, खरं सांगतो, इतकी वर्षं मी मागे उभा राहून तुमचा डेमो ऐकतोय, मला कधी काही कळलं नाही, पण आज कळलं, आज तुम्ही अगदी मनातलं बोललात. मार्केट आता वेगळं म्हणत होतं, आणि महिपती सर मार्केटच्या बाहेर नव्हते. प्रेम सरांना उल्हासनगरला पाठवायचं ठरलं, जीनच्या कारखान्यावर. बदलापूरची बॅच तिची. फ्लेक्स नवा करायला वेळ नव्हता म्हणून त्यावर कागद चिकटवण्यात आला. चेहरा प्रेम सरांचाच राहिला, खाली नाव आलं सुषमा कांबळे मॅडम. जागा निघाली होती. तुषार शिफ्ट बदलून तो फ्लेक्स पाहायला आला आणि रस्त्यात उभा राहून त्याने फोटो काढला. मिशी तुला शोभते, तो म्हणाला. ती हसली.

त्या रात्रीपासून बॅच सुरू होईपर्यंत ती एकच गोष्ट घोकत होती. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य काय बोलायचं. सगळं पुसायचं आणि पायलला फळ्याशी बोलवायचं, स्ट्रायकर तिच्या हातात द्यायचा, आणि तिलाच सांगू द्यायचं. त्यासाठी तिने बोर्ड पुन्हा नेला. रिक्षावाला तोच भेटला आणि त्याने बोर्डाला नमस्कार केला.

वर्ग भरलेला होता. प्लास्टिक काढलेल्या खुर्च्या, तेल लावलेली डोकी, नव्या वह्यांचा वास. तिने दारातूनच रांगा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि बाहेर काउंटरवर आली. चामटोलीची मुलगी कुठंय, तिने बकुळाला विचारलं. बकुळाला लगेच आठवलं. वडील फॉर्म भरत होते की, ती म्हणाली, अर्धा भरलाही होता, पोरीनेच नको म्हटलं.

"का?"

"जाऊ द्या ना मॅडम."

"बकुळा, सांग."

बकुळा रबराने टेबलावरचं काहीतरी खोडत राहिली. "म्हणाली, पप्पा, या मॅडमना येत नाही. मी म्हटलं अगं, एम.एस्सी. आहेत त्या. तर म्हणाली, तरी पण."

जिन्याच्या खिडकीतून आभाळातली मिशी दिसत होती, वाऱ्याने फुगलेली. सुषमाला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आलं ते विचित्रच होतं, छातीत काहीतरी ताठ झालं, निकाल लागल्यासारखं. इतक्या वर्षांत टॉपर झाले, फोटो टांगले गेले, पाया पडले. पण कुणी तिची परीक्षा घेतली नव्हती. एका पोरीने घेतली, बरोबर तपासली, आणि शून्य मार्क देऊन चामटोलीला निघून गेली. तिच्या मागे जावं, असं सुषमाला वाटलं. जाऊन काय सांगायचं हेही कळत होतं. पण वर्गात बेल झाली होती, आणि बॅच तिची होती, आणि पैसे भरलेले सगळे आत बसले होते.

ती आत गेली. बोर्ड खोळीतच भिंतीला टेकवून ठेवला. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, खडू खाली ठेवला आणि वळली.

"डेमोच्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं," ती म्हणाली, "ते चूक होतं. सगळं."

आणि ती थांबली, आठीची वाट पाहत. एखादं कपाळ, एखादा हात. कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि पेनं चालत होती, एका लयीत, खालच्या मजल्यावर शिलाईची मशिनं असावीत तशी. पहिल्या रांगेतला एक मुलगा, आकाश, तिचं वाक्य वहीत उतरवून थांबला. त्याने नम्रपणे विचारलं,

"मॅडम, ‘सगळं’ हे अंडरलाइन करायचं ना?"

सुषमाने त्याच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर फ्लेक्स फडफडला.

"कर," ती म्हणाली.

वर्गभर कंपास उघडल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी पट्ट्या काढल्या.